नुसतेच हिंडणे



या लेखाला निमित्त माझ्या नातवाचे. तो नोकरीसाठी इंग्लंडात असतो. मागच्या आश्विनात एका रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. सायकल हातात धरून तो एका अरुंद रस्त्यावर उभा होता. दोन्ही बाजूंना झुडपांची उंच कुंपणे, वर ओक नि बीचची झाडे. त्यांची तांबूस-पिवळी पाने गळून ओला रस्ता झाकून गेला होता. मी विचारले, "कुठे निघालास रे?" तो म्हणाला, "कुठेच नाही, आजोबा. नुसताच."

कीर्तनकाराला हा 'नुसताच' पचत नाही, हे आपण जाणता. वारकरी पाऊल उचलतो ते पंढरीकडे तोंड करून. हेतूवाचून हिंडणे म्हणजे चौऱ्यांशीच्या फेऱ्याची तालीम, असे मी गादीवरून कितीदा तरी सांगितले आहे. तेच त्यालाही सुनावले. पोरगा हसला. म्हणाला, "आजोबा, इथे शेतांमधून जुन्या घोडेवाटा आहेत. १९६८ च्या कायद्याने त्यांवर सायकल न्यायची मुभा मिळाली. पण एक अट आहे. पायी चालणारा किंवा घोडेस्वार भेटला, की सायकलवाल्याने त्याला आधी वाट द्यायची. मला कुठे पोचायचं नसतं, म्हणून ते सहज जमतं."

फोन ठेवला, पण ते वाक्य ठेवता येईना. कारण सज्जनहो, सायकल मीही चाळीस वर्षे चालवली आहे.

माझी सायकल हर्क्युलिस. नाव मूळ बर्मिंगहॅमचे, घडण मद्रासची. कॅरिअरला टाळ आणि धोतराचे गाठोडे, हँडलला पिशवीत गाथा. टेमघरहून निघायचे आणि भिवंडी, कल्याण, पडघ्याच्या पट्ट्यातले गाव गाठायचे. वाटेत ओठांवर निरूपण चालू. कोणते प्रमाण कुठे घ्यायचे, टाळकऱ्यांना चाल कुठे द्यायची, हाच घोष. रस्ता पायांखालून जाई, डोळ्यांत उतरत नसे.

पस्तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कार्तिकाचे दिवस, भाताची कापणी चाललेली. संध्याकाळी मी एका गावी कीर्तनाला निघालो होतो. वाटेत भाऱ्यांनी लादलेली बैलगाडी बांधावरून घसरून चिखलात कलंडलेली दिसली. एक बैल जुवाखाली मान अडकून पडला होता. म्हातारा शेतकरी एकटाच जू उचलू पाहत होता. मला पाहून म्हणाला, "बुवा, जरा हात लावा."

मी म्हणालो, "कीर्तनाला उशीर होतोय, माऊली." आणि पायडल मारले.

त्या रात्रीचे कीर्तन फार रंगले. दृष्टांत घेतला होता नाथमहाराजांचा. काशीची कावड रामेश्वराला निघालेली, वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव, आणि नाथांनी त्याच्या मुखी ओतलेली गंगा. मंडळींच्या डोळ्यांना पाणी आले. खोटे का सांगू, माझ्याही आले. माणसे पाया पडली.

पहाटे दुसऱ्या गावच्या काकड्याला जाताना त्याच वाटेने आलो. गाडी तिथेच होती. जवळ बैल एकच उभा होता. मी तेव्हाही उतरलो नाही.

हे मी कोणत्याच कीर्तनात सांगितले नाही. आता आवाज बसला, वैद्यांनी आणि डॉक्टरांनीही मोठ्याने बोलायला मनाई केली, म्हणून गादीवरून उतरलो. पहिले काही महिने जीव कासावीस झाला. संध्याकाळ झाली की पाय आपोआप सायकलीकडे वळत, आणि जायला गाव नसे. नातवाच्या फोननंतर एका सकाळी काकडा आटोपला, सायकल काढली आणि नुसताच निघालो.

राजनोली नाक्यावर कंटेनरांची रांग असते, तिथे मी सायकल हातात धरून चालतो. पुढे सोनाळ्याकडून लोनाडची वाट धरतो. तिथले जुने शिवमंदिर, टेकडीतले खंडेश्वरीचे लेणे, हे सारे कैक वर्षे माझ्या वाटेवर होते. पाहिले मात्र आता. नातवाच्या त्या देशात या दिवसांत पाने गळतात. आपल्याकडे ती शिशिरात गळायची. आपला शरद भाताचा. लोंबी भरून वाकतात, दवाने बांध ओले असतात, आभाळ धुतल्यासारखे होते. यंत्रमागाची खटखट मागे पडली की विळ्यांचा आवाज ऐकू येतो.

त्या म्हाताऱ्याच्या गावीही जाऊन आलो. तो बांध नाही, ते शेत नाही. तिथे मोठे गोदाम उभे आहे. क्षमा मागायची तरी कोणाची? दारावरच्या पहारेकऱ्याने विचारले, "बाबा, कुणाला भेटायचंय?" मला उत्तर देता आले नाही.

आपण म्हणाल, मग बुवा, वारीचा हेतूही चूक का? तसे नव्हे. पंढरी पुढे असावीच. पण वारीकडे नीट पाहा. पालखी विसाव्याला थांबते, मुक्कामाला थांबते, ज्याच्या पायाला फोड आले त्याला दिंडीतलेच कोणी धरून नेते. आषाढी चुकू नये म्हणून कोणी शेजारच्याला चिखलात टाकून पुढे पळत नाही. तिथे हेतू आहे, घाई नाही. मी हेतू धरला आणि घाईलाच भक्ती समजलो. नातवाजवळ हेतू नव्हता, पण त्याला वाट देणे ठाऊक होते.

परवा लोनाडच्या अलीकडे एक बाई भाऱ्याजवळ उभी होती. भारा डोक्यावर घ्यायला तिला कोणाचा तरी हात हवा होता. मी ब्रेक दाबला, सायकल स्टँडवर लावली आणि भाऱ्याला हात लावला. तिने विचारले, "बाबा, कुठं चाललाव?"

"कुठेच नाही, माऊली," मी म्हणालो. "नुसताच."

रामकृष्ण हरी.