सेवेला गेले, प्रश्न घेऊन आले

‘स्वयंसेवक म्हणून परदेशी जाणे’ हे शब्द कानी पडले की डोळ्यांपुढे पाठीवर पिशवी अडकवलेला विशीतला तरुण उभा राहतो. आपल्या वयाच्या माणसांची परदेशवारी म्हणजे लेकीचे बाळंतपण, नातवंडांची राखण, फार तर एखादी सहल. साठीनंतरचा प्रवास आणि सेवा यांचा मेळ आपल्या मनात सहसा बसत नाही. तो बसू शकतो, आणि घरी आजाऱ्याची शुश्रूषा करून थकलेल्या माणसाला तो विशेष मानवतो, असा माझा अनुभव आहे.

वयाची शंका आधी दूर करते. लिलियन कार्टर या अमेरिकी परिचारिका १९६६ साली ‘पीस कोर’ या योजनेतून स्वयंसेविका म्हणून मुंबईतील विक्रोळीला आल्या. तेव्हा त्या ६८ वर्षांच्या होत्या. पती निवर्तले होते आणि मुले आपापल्या संसारात होती. गोदरेज वसाहतीत आधी कुटुंबनियोजनाच्या कामात व नंतर दवाखान्यात अशी एकवीस महिने त्यांनी सेवा केली. १५ ऑगस्ट १९६८ रोजी त्यांना सत्तर वर्षे पूर्ण झाली, ती विक्रोळीतच. त्यांचे चिरंजीव जिमी कार्टर पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले. परंतु विक्रोळीतल्या रुग्णांसाठी त्या केवळ एक वयस्कर नर्सबाई होत्या. उलट दिशेचे उदाहरण तर आपल्या परिचयाचेच आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेले, तेथील भाषा शिकले आणि १९४२ साली तेथेच वयाच्या ३२व्या वर्षी निवर्तले. परक्या मुलखात माणसाचे घराणे, हुद्दा, नातीगोती कुणाला ठाऊक नसतात. हाताशी असते ते फक्त काम. उतारवयात हे विस्मरण औषधासारखे गुणकारी ठरते.

माझी कथा या दोघांच्या मानाने अगदी लहान आहे. मी दापोली तालुक्यातील केळशीची. सुपारी-नारळाच्या बागा, जांभ्या दगडाच्या पाखाड्या, भारजेची खाडी आणि चैत्रातला महालक्ष्मीचा उत्सव हे माझे जग. आरोग्यसेविका म्हणून तीस वर्षे नोकरी केली आणि निवृत्तीनंतर सात वर्षे सासूबाईंची शुश्रूषा. त्यांना स्मृतिभ्रंश झाला होता. अखेरच्या दोन वर्षांत त्या मला ‘बाई, तुम्ही कोणाच्या?’ असे विचारीत. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्या गेल्या. त्यानंतरही कित्येक महिने पहाटे तीनला मला जाग येई, कारण ती त्यांची कूस बदलण्याची वेळ होती. तपासण्यांत काही दोष निघाला नाही. शुश्रूषा संपते तेव्हा शुश्रूषा करणाऱ्याचा दिवसही संपल्यासारखा होतो, हे तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल.

अशा मनःस्थितीत मी लेकीकडे इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायरमध्ये गेले. तिच्या गावात दर आठवड्याला चर्चच्या दिवाणखान्यात ‘मेमरी कॅफे’ भरे. स्मृतिभ्रंश झालेली माणसे आणि त्यांची काळजी घेणारे घरचे लोक दोघांनीही एकत्र येऊन चहा घ्यावा, गाणी म्हणावीत, मन मोकळे करावे, अशी ही रीत. १९९७ साली नेदरलँड्समधील लायडन शहरात मानसशास्त्रज्ञ बेरे मीसेन यांनी ती सुरू केली आणि पुढे अनेक देशांत पसरली. लेकीने माझी चौकशी तेथे केली. ब्रिटनमध्ये अभ्यागत म्हणून आलेल्या व्यक्तीला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण तीस दिवसांपर्यंत विनावेतन काम करता येते. संस्थेने पोलिसांचा चारित्र्य-पडताळणीचा दाखला मागितला, अर्धा दिवस प्रशिक्षण दिले आणि मला कामावर घेतले. काम होते चहा देण्याचे, खुर्च्या मांडण्याचे आणि माणसांजवळ बसण्याचे. औषध देणे, कुणाला उचलणे मला वर्ज्य होते. तीस वर्षांची नोकरी दाराबाहेर ठेवून मी आत गेले.

पहिला धडा मिळाला तो विचारण्याचा. आपल्याकडे म्हातारे माणूस उठू लागले की आपण लगेच त्याच्या काखेत हात घालतो, घास कालवून भरवतो. तिथले स्वयंसेवक आधी समोर खुर्ची ओढून डोळ्यांच्या पातळीवर येत, नाव घेत आणि विचारीत, ‘मी हात देऊ का?’ उत्तरासाठी थांबत. कधी उत्तर यायला मिनिटभर लागे. नव्वदीच्या आजींना कुणीही सरळ नावाने हाक मारी, हे माझ्या कानांना आरंभी फार खटकले. पण चहात साखर किती, हेसुद्धा त्या आजीच ठरवीत. आपल्याकडे मान मोठा असतो, निवड मात्र घरातले करतात. तिथे संबोधनात मान थोडा, निर्णयात पुष्कळ. दोन्ही रीतींत माया आहे. मी दोन्हींना एकत्र नांदवायचे ठरवले.

दुसरी गोष्ट मी देऊ शकले. तिथे एक वृद्ध गृहस्थ येत. आयुष्यभर लोकरीच्या गिरणीत काम केलेले. स्वतःच्या मुलीचे नाव त्यांना आठवत नसे. ते सतत टेबलाच्या कडेवरून बोटे फिरवीत. ते पाहून मला सासूबाई आठवल्या. घर विसरल्या तरी त्यांच्यापुढे सूप ठेवले की तांदूळ अचूक निवडीत. स्मृतिभ्रंशात नावे व घटना आधी पुसल्या जातात. हातांना जडलेल्या सवयी पुष्कळदा मागाहूनही शाबूत असतात. पुढच्या आठवड्यात मी माझे एक सुती नऊवारी घेऊन गेले आणि विचारून त्यांच्या हाती दिले. त्यांनी पोत चाचपला, काठ डोळ्यांजवळ नेला आणि सर्व लांबी मिळवून अशी घडी घातली की आपल्याकडच्या कापडदुकानदारानेही शाबासकी द्यावी. त्यांच्या मुलीने डोळे पुसले. भाषेचा एक शब्दही लागला नाही.

त्याच मुलीने मला तो प्रश्न विचारला, ज्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. सासूबाईंना मी सात वर्षे घरी सांभाळले हे ऐकून तिने आदराने मान हलवली आणि म्हणाली, ‘मग त्या सात वर्षांत तुम्हांला विश्रांती कोण देत असे?’ मी उत्तर शोधू लागले. केळशीत माझे कौतुक पुष्कळ झाले होते, पुण्य लागेल असेही सर्वांनी सांगितले होते. पण हे कुणी विचारले नव्हते, आणि मीही नाही. तिच्याकडे मात्र आठवड्यातून एक दुपार दुसरी स्वयंसेविका वडिलांपाशी बसे. ती दुपार ती झोपण्यात घालवी, आणि तसे निःसंकोच सांगे.

परतल्यावर मी हेच काम केळशीत सुरू केले. दर बुधवारी दुपारी दोन तास मी आळीतल्या एका अंथरुणाला खिळलेल्या आजोबांजवळ बसते. त्यांची सून तेवढ्यात दापोलीचा बाजार करते, देवळात जाते किंवा नुसती पडून राहते. आता आम्ही चौघीजणी आहोत. रात्री मला झोप लागते.

तुमच्यापैकी कुणाला असे जावेसे वाटत असेल, तर काही गोष्टी ध्यानी घ्या. प्रत्येक देशाचे व्हिसाचे नियम वेगळे. विनावेतन कामालाही परवानगी आहे का, हे आधी पाहा. विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार लपवू नका. औषधे मुक्कामाहून जास्त दिवसांची, हातातल्या पिशवीत, आणि सोबत औषधांची मूळ नावे असलेली चिठ्ठी. लांबच्या विमानप्रवासात अधूनमधून चाला, पोटऱ्या हलवा. आफ्रिकेतील वा दक्षिण अमेरिकेतील ज्या देशांना पीतज्वराची लस लागते, तेथे ती किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीनंतर प्रथमच घेत असाल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका. थोड्या दिवसांसाठी अनाथाश्रमात जाण्याचे टाळा. लळा लावून निघून जाणारी माणसे त्या मुलांच्या दुःखात भरच घालतात. आणि घरी रुग्ण असेल तर बदलीच्या माणसाला आधी आठवडाभर आपल्यासोबत काम करू द्या, दिनक्रम कागदावर लिहून ठेवा.

ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांनीही खंत करू नये. खाडीपलीकडच्या वेळासमध्ये कासवांची पिल्ले पाहायला दूरदूरचे पाहुणे येतात आणि गावातल्या घराघरांत उतरतात. त्यांना ताट वाढताना तिथल्या आज्यांना जग घरबसल्या भेटते. आणि याहून जवळची सेवा म्हणजे शेजारच्या घरात जाऊन, आजाऱ्याची चौकशी झाल्यावर, त्याची काळजी घेणाऱ्याकडे वळून विचारावे, ‘तुम्हांला विश्रांती कोण देते?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.