धानाच्या मुलखातली वर्गणीसभा

निवडणुकीचा पैसा म्हटला की आपल्यासमोर थैल्या, गाड्यांचे ताफे आणि रात्री वस्तीत वाटली जाणारी पाकिटे उभी राहतात. पण हातावर पोट असलेली माणसे पदरचे चार पैसे काढून आपला उमेदवार उभा करतात, हेही खेड्यापाड्यांत घडते. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत नागपुरातल्या आमच्या वस्तीतील आम्ही सात-आठ जण बायामुलांसह पवनी तालुक्यातील एका गावी अशीच वर्गणीसभा पाहायला गेलो. भंडारा व पवनी तालुक्यांचा हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. उमेदवार अपक्ष, शेतमजुराचा मुलगा.

उमरेड, भिवापूर करीत एसटीने पवनी गाठली. भिवापूर मिरचीचे गाव. त्यापुढे धानाचा मुलूख सुरू होतो. दिवाळी नुकतीच झाली होती. बांध्यांमध्ये कापलेल्या धानाच्या कडपा वाळत होत्या, बायांच्या रांगा वाकून कापणी करीत होत्या. याच भागात वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण झाले आणि कित्येक गावे पाण्याखाली गेली.

वेळ होती म्हणून जगन्नाथ टेकडी पाहिली. १९६९-७० साली येथे उत्खनन झाले व दोन हजार वर्षांहून जुना स्तूप सापडला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली होती. ज्याने दिले त्याचे नाव दगडावर! मुलांना हे सांगताना आम्हालाच नवल वाटले.

गावी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जयभीम झाले, चहा झाला. सभा सातनंतर, कारण त्याआधी मजूर शेतातून घरी येत नाहीत. विहारासमोरच्या मोकळ्या जागेत सतरंजी, एक टेबल, पावतीपुस्तक आणि वही. बी.ए.ला असलेली गावचीच एक मुलगी हिशेबाला बसली होती. कोणी दहा रुपये दिले, कोणी पन्नास. एका बाईने अख्ख्या दिवसाची मजुरी ठेवली. एका आजीने पायलीभर तांदूळ आणले. त्यांचीही बाजारभावाने किंमत लावून नोंद झाली. दर नाव मोठ्याने वाचले जाई, आणि नाव ऐकताना माणूस ताठ बसे.

मग खरी सभा झाली. एका रेतीच्या ठेकेदाराने उमेदवारासाठी पन्नास हजार रोख पाठवले होते. घ्यावे की परत करावे? एक तरुण तळमळून म्हणाला, "समोरचे लाखो उधळून रायले. आपल्याजवळ डिझेलले पैसे नाई. दहा-दहाच्या नोटांनी कोनी निवडून येते का?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. विधानसभेच्या उमेदवाराला चाळीस लाखांपर्यंत खर्चाची मुभा आहे. येथे राखीव जागेची पाच हजार अनामत भरतानाच घाम फुटला होता.

तेव्हा मागून एक म्हातारा उठला. "बाप्पा, पैसे घ्या ना. पन उद्या रातच्याले नदीतून रेतीचा टरक निंघन, तवा त्याले आडवाले कोन्या तोंडानं जासान?"

सगळे गप्प झाले. हिशेबाच्या मुलीने नियमही सांगितला: एका माणसाकडून दहा हजारांवर रोख रक्कम उमेदवाराला घेता येत नाही, त्यावर चेक किंवा बँकेतूनच. हात वर करून ठरले, पैसे परत. उमेदवार एवढेच बोलला, "मी तुमचा देणेकरी आहे, दुसऱ्या कोणाचा नाही." त्या रात्री ९,४७० रुपये जमले. नंतर भात आणि वांग्याची भाजी सर्वांनी एका पंगतीत खाल्ली.

वाचकहो, निकाल २३ नोव्हेंबरला लागला. या उमेदवाराला अनामतही राखता आली नाही. त्यासाठी वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते लागतात. मग त्या बाईची मजुरी वाया गेली का? आम्हाला तसे वाटत नाही. याच भंडाऱ्यातून १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत खुद्द बाबासाहेब पराभूत झाले होते. पराभव झाला म्हणून चळवळ थांबली नाही. त्या गावात निकालानंतर हिशेबाची वही पुन्हा सभेत वाचली गेली, आणि मगच सरकारदरबारी सादर झाली.

मोठ्या पक्षांचे काय? २०१८ पासून निवडणूक रोख्यांतून त्यांना कोट्यवधी रुपये मिळत, पण देणाऱ्याचे नाव जनतेपासून झाकलेले असे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. ज्याला नाव लपवून द्यायचे असते, त्याला बदल्यात काही हवे असते. आमच्या आजीला पायलीभर तांदळाच्या बदल्यात आमदाराने फोन उचलावा, एवढेच हवे होते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. उद्या ग्रामपंचायत येईल, नगरपालिका येईल. पाकीट घेणारे हात मागे घ्या. दहाच रुपये द्या, पण पावती मागा. आणि निवडणुकीनंतर हिशेब विचारायला घरातल्या लेकीसुनांनाही सोबत न्या.