पासिंग कुठलं?

नवरात्रात आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक कोटेशन कल्याण-शीळ रस्त्यावरच्या शोरूमचं, दुसरं वापीचं. गाडी तीच, मॉडेल तेच, रंगही दोन्हीकडे पांढराच. खालच्या बेरजेत मात्र छत्तीस-सदतीस हजारांचा फरक.

"काका, वापीला मामा राहतो. त्याच्या पत्त्यावर घेतली तर?"

मी तीसेक वर्षं गाड्या विकणाऱ्यांचे हिशेब आणि कर सांभाळतो, त्यामुळे दर दसऱ्याला हा प्रश्न कोणी ना कोणी घेऊन येतंच. कोणाचा मामा वापीला असतो, कोणाचा मित्र दमणला. कोल्हापूरकडच्या पाहुण्यांचा प्रश्न उलटा असतो: बेळगावच्या भावाने गाडी कोल्हापुरात घेतली तर चालेल का? सगळ्यांना एकच कोडं पडलेलं असतं. देश एक, कारखाना एक, कंपनीचा दर एक, मग सीमा ओलांडली की गाडी महाग किंवा स्वस्त कशी होते?

उत्तर कोटेशनमध्येच असतं, पण आपण फक्त तळाचा आकडा वाचतो. मी त्या मुलाला सगळ्यात वरच्या ओळीपासून सुरुवात करायला लावली.

पहिली ओळ एक्स-शोरूम किमतीची. दोन्ही कागदांवर ती जवळजवळ सारखी होती, कारण तिच्यात जीएसटी धरलेला असतो आणि जीएसटीचा दर देशभर एकच आहे. १ जुलै २०१७ पासून गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि वर उपकर होता. छोट्या पेट्रोल गाडीला तो १ टक्का, मोठ्या एसयूव्हीला २२ टक्क्यांपर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, हे बदललं. चार मीटरच्या आतली छोटी गाडी (पेट्रोल असेल तर इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० पर्यंत) १८ टक्क्यांवर आली, बाकीच्या ४० टक्क्यांवर, आणि उपकर गेला. विजेवरची गाडी आधीही ५ टक्क्यांत होती, आताही तिथेच आहे.

या चार मीटरची एक गंमत मी नेहमी सांगतो. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि छोटी म्हणजे चार मीटरच्या आतली अशी व्याख्या ठरली. त्यानंतर कंपन्या टेप घेऊनच गाड्या आखू लागल्या. डिझायर आधी ४.१६ मीटर लांब होती. २०१२ साली तिची डिकी आखूड करून लांबी ३,९९५ मिलिमीटरवर आणली. वरचे पाच मिलिमीटर सोडले ते अबकारी खात्याच्या भीतीने. त्या डिकीत एक बॅग कमी मावते, याचं कारण कराचा दर हे आहे.

तर, एक्स-शोरूमपर्यंत वापी आणि कल्याण बरोबरीत. हे सुख मात्र अलीकडचं आहे. मी उमेदवारी करत होतो तेव्हा ठाणे आणि मुलुंड यांच्यामध्येही गाडीची किंमत बदलायची. जकातीमुळे. भिवंडीच्या यार्डातून निघालेली गाडी मुंबईच्या शोरूमला जायची तर मुलुंडच्या नाक्यावर जकातीची पावती फाडावी लागे. ठाण्याची जकात वेगळी, कल्याण-डोंबिवलीची वेगळी, कारण महापालिका वेगळ्या. आमच्या टेबलावर दरपत्रकाचे दोन गठ्ठे असत, मुंबईचा आणि ठाण्याचा, आणि गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न असे, "राहता कुठे?" पुढे ठाण्यात २०१३ मध्ये जकातीच्या जागी एलबीटी आला. १ ऑगस्ट २०१५ पासून तो लहान व्यापाऱ्यांना माफ झाला, पण ५० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना राहिला, आणि गाड्यांचा मोठा विक्रेता ती रेघ सहज ओलांडतो. मुंबईची जकात जीएसटी येईपर्यंत चालली. २०१७ च्या जुलैत तीही गेली आणि दरपत्रकाचा दुसरा गठ्ठा आम्ही रद्दीत घातला.

राज्याराज्यांतली स्पर्धा त्याहून जुनी. विक्रीकराचा दर खाली आणून शेजारच्या राज्याचं गिऱ्हाईक ओढायचं, हा खेळ नव्वदच्या दशकात जोरात होता. तो थांबवायला १ जानेवारी २००० पासून राज्यांनी विक्रीकराचे किमान दर ठरवले. जीएसटीने ते भांडण कायमचं मिटवलं.

मग फरक उरला कुठे? कोटेशनच्या दुसऱ्या ओळीत. शोरूममधले लोक तिला 'आरटीओ' म्हणतात, तिचं खरं नाव मोटार वाहन कर. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, राज्य सूचीच्या ५७ व्या नोंदीत, वाहनांवरचा कर राज्यांच्या हाती दिलेला आहे. जीएसटीत बाकीचे बरेच कर विरघळले, हा राहिला. आता राज्याला स्वतःच्या मर्जीने दर ठरवता येईल अशा गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्या: दारू, पेट्रोल-डिझेल, मुद्रांक शुल्क आणि गाडी. म्हणून कोणतंही राज्य या ओळीवरचा हात सहजी सोडत नाही.

आता आकडे. समजा, गाडीची मूळ किंमत ६,२०,००० रुपये. १८ टक्के जीएसटी धरून एक्स-शोरूम ७,३१,६०० झाली. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के कर, म्हणजे ८०,४७६ रुपये. गुजरातमध्ये खासगी गाडीला ६ टक्के, म्हणजे ४३,८९६. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के, म्हणजे १,०२,४२४, आणि त्यावर पुन्हा उपकर. कर कोणत्या किमतीवर मोजायचा याचे नियम राज्यागणिक थोडे बदलतात. इथे सोयीसाठी सगळीकडे एक्स-शोरूमच धरली आहे.

म्हणजे तीच गाडी वापीत स्वस्त, डोंबिवलीत मधली आणि बेळगावात महाग. वापीकडे बघून आपण हळहळतो, तसा निपाणी-बेळगावचा माणूस कोल्हापूरकडे बघतो. तिकडच्या रस्त्यांवर एमएच ०९ च्या गाड्या एवढ्या का दिसतात, याचं अर्धं उत्तर या तीन आकड्यांत आहे. आपली सीमाही फार लांब नाही. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्याची हद्दच तलासरीच्या पुढे, अच्छाडला, गुजरातला टेकत होती.

आणखी एक बारकावा. महाराष्ट्रात हा कर जीएसटी धरून येणाऱ्या किमतीवर मोजतात, म्हणजे करावर कर. जीएसटी आणि उपकर मिळून २९ टक्के होते तेव्हा हीच गाडी ७,९९,८०० ला पडत होती आणि तिच्यावरचा राज्याचा कर ८७,९७८ होत होता. केंद्राने दर उतरवला आणि राज्याने बोटही न हलवता गिऱ्हाइकाचे आणखी साडेसात हजार वाचले. दर चढतो तेव्हा हेच उलट होतं.

दुसरा बारकावा दहा लाखांच्या रेघेचा. पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२, त्यावर १३. डिझेलला हेच १३, १४, १५. वरचा दर वाढीव रकमेवर नाही, संपूर्ण किमतीवर लागतो. ९,९९,००० च्या पेट्रोल गाडीला कर १,०९,८९०. सहा हजारांनी महाग, १०,०५,००० च्या गाडीला १,२०,६००. सहा हजारांच्या सनरूफपायी दहा हजार सातशे दहा रुपये जास्त कर. शिवाय दहा लाखांच्या वर १ टक्का टीसीएस. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण निम्मे लोक घेत नाहीत असा माझा अनुभव. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर पेट्रोल-डिझेलला सरसकट २० टक्के, म्हणून घसाऱ्याची सूट दाखवणाऱ्याला मी आधी ही वजाबाकी करायला सांगतो. अतिश्रीमंतांसाठी मात्र कराला कमाल मर्यादा आहे. ती वीस लाख रुपये होती, १ जुलै २०२५ पासून तीस लाख झाली.

आता मामाच्या पत्त्याकडे येऊ. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ४० सांगतं की गाडीची नोंदणी मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी जिथे एरवी ठेवली जाते तिथली. कलम ४७ सांगतं की दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यायचा. म्हणजे वापीच्या गाडीला वर्षभरात कल्याणचं पासिंग करावंच लागेल. त्यासाठी तिकडच्या कार्यालयाची एनओसी, कर्ज असेल तर बँकेचीही, इकडे गाडीच्या वयानुसार कर, आणि तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागायचा तो वेगळ्या फेऱ्या मारून. मामाच्या नावावर घेतली तर मालक मामा. विमा मामाच्या नावाचा, विकताना सही मामाची.

ठाण्यातल्या एका व्यापाऱ्याने दमण पासिंगची गाडी चार वर्षं वापरली. मुलीच्या लग्नाच्या वेळी विकायला काढली तेव्हा दलाल गाडीभोवती एक चक्कर मारायचा, नंबर प्लेट बघायचा आणि म्हणायचा, "शेठ, पासिंगचं तुम्ही बघा, नाहीतर भाव आमचा." भाव अखेर दलालाचाच झाला. सुरुवातीला जे वाचलं होतं त्याहून जास्त तिथे गेलं, आणि चार वर्षं प्रत्येक नाकाबंदीला गाडी बाजूला घेतली जायची ते निराळंच.

ज्यांची नोकरीच बदलीची, त्यांच्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिका आहे. लष्कर, सरकारी नोकर आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी ती घेऊ शकतात. कर एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा, तोही जीएसटी वगळलेल्या किमतीवर. राज्य बदललं तरी नंबर तोच. ठाण्यातल्या आयटीवाल्यांनी हा मार्ग बरोबर हेरला आहे. मामाच्या पत्त्यापेक्षा तो सरळ आहे आणि कायद्याचाही.

हा गुंता फक्त आपलाच नाही. आपल्याकडे बनलेली गाडी रक्सौलची सीमा ओलांडून नेपाळात वीरगंजला गेली की सीमाशुल्क, अबकारी आणि व्हॅट चढून दुपटीच्या वर जाते. सिंगापुरात १९९० पासून गाडीआधी दहा वर्षांचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. २०२३ मध्ये लहान गाडीचा परवानाही एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेला होता. पूल ओलांडला की मलेशियात तीच गाडी कितीतरी स्वस्त, पण मलेशियाच्या नंबरची गाडी सिंगापूरच्या रहिवाशाला चालवता येत नाही. डेन्मार्कमध्ये नोंदणीचा कर इतका जबर की कंपन्या करापूर्वीची किंमत शेजारच्या जर्मनीपेक्षा कमी ठेवत आल्या, नाहीतर गाडी खपणारच नाही. आपल्याकडे कंपन्या कराचा भार असा स्वतःवर घेत नाहीत. महाराष्ट्रासाठी दर उतरवला आणि गुजरातसाठी चढवला, असं त्या करत नाहीत.

माझी तक्रार कर आहे म्हणून नाही. रस्ते फुकट होत नाहीत. तक्रार अशी की हा कर गाडीच्या किमतीवर आहे, रस्त्याच्या वापरावर नाही. डोंबिवलीचा माणूस सकाळच्या लोकलला लोंबकळून कामावर जातो, गाडी पाच दिवस इमारतीखाली कव्हर घालून उभी असते. घोडबंदर रस्त्यावरची तीच गाडी रोज दोन-दोन तास कोंडीत धूर सोडते. दोघांनी पंधरा वर्षांचा कर पहिल्याच दिवशी सारखाच भरलेला असतो. सिंगापूर गर्दीच्या रस्त्यावर, गर्दीच्या वेळेला पैसे घेतं. आपण शोरूमच्या दारात एकदाच घेतो आणि मग रस्त्यावर काय चाललंय ते बघत नाही. सरकारला ते सोयीचं आहे, कारण विकत घेणारा त्या दिवशी आनंदात असतो आणि आनंदात माणूस घासाघीस करत नाही.

त्या मुलाने हिशेब ऐकला, वापीचा कागद घडी करून खिशात घातला आणि कल्याणचं पासिंग घेतलं. एमएच ०५. मात्र कोटेशनमधली एक ओळ आम्ही दोघांनी मिळून कापली. 'हँडलिंग चार्जेस', काही हजार रुपये. नोंदणीची सरकारी फी ६०० रुपये, कर्जाचा बोजा चढवायचे १,५००, आणि कराची पावती ऑनलाइन मिळते. या 'हँडलिंग'ची पावती कोणत्या खात्याची, असं विचारल्यावर शोरूममधला माणूस आत गेला आणि ओळ काढूनच बाहेर आला.

पाडव्याला गाडी घ्यायला जाल तेव्हा सीमेपलीकडच्या मामाला फोन करण्याआधी एवढं करा. कोटेशनमधली प्रत्येक ओळ कशाची ते विचारा, सरकारच्या ओळींच्या पावत्या मागा, आणि जिची पावती मिळत नाही ती ओळ खोडायला लावा.