ब्रेकचा आवाज आणि निदान

मराठीत आवाजाला शब्दांची वाण नाही. खडखड वेगळी, घसघस वेगळी, करकर वेगळी, कुईकुई वेगळी. वर्गात हे ध्वनिदर्शक शब्द म्हणून शिकवतो. गाडीच्या ब्रेकचं दुखणं शोधतानाही तेच कामाला आले.

श्रीपूरला गाळप सुरू झालं की रस्ता उसाचा होतो. डबल ट्रॉल्या, बैलगाड्या. कित्येकांच्या मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. अम्मीला दर महिन्याला सोलापूरच्या दवाखान्यात न्यावं लागतं आणि निघावं लागतं अंधारातच. म्हणून जुन्या गाडीला पुढचे मोठे ब्रेक बसवायचं ठरलं. भाच्याचं आयटीआय झालंय. एका रविवारी त्यानं अंगणातच नव्या डिस्क, कॅलिपर, पॅड बसवले, पाइपातली हवा काढली. पेडल घट्ट लागत होतं. पण गाडी गल्लीबाहेर गेली आणि आवाज सुरू झाला.

भाचा म्हणाला, "मामू, नवा माल है, दो दिन चिल्लाएगा, फिर गप होगा." अम्मी म्हणाली, "गाडी कुछ तो बोल रही है, सुनो तो सही." सोमवारी दवाखाना होता. अम्मीला मी एसटीनं नेलं. तवक्कल करायचाच, पण उंट बांधून, हे लहानपणापासून ऐकत आलोय.

भाच्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ब्रेकची कुरकुर जुनीच आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरनं 1902 साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यात तांब्याचे पॅड धातूच्या डिस्कवर घासायचे आणि कानठळ्या बसायच्या. पुढे ॲस्बेस्टॉसचं अस्तर आलं तेव्हा तो आवाज दबला. ते फुप्फुसाला घातक निघालं, हे नंतर कळलं. म्हणजे आवाज बंद झाला की सगळं ठीक, असंही नाही.

मंगळवारी आम्ही आधी आवाज नीट ऐकला. तीन प्रश्न विचारले: ब्रेक दाबल्यावर येतो की न दाबता? वेगाबरोबर वाढतो का? खड्ड्यातच येतो का? उत्तरं मिळाली तेव्हा कळलं, आवाज एक नाही, तीन आहेत.

पहिली घसघस, ब्रेक न दाबता, चाकाच्या फेऱ्याबरोबर. मागच्या चाकांना उटी लावली, गाडी जॅकवर उचलून घोडीवर ठेवली आणि चाक काढून डिस्क हातानं फिरवली. डिस्कमागचा धूळ अडवणारा पत्रा मोठ्या डिस्कच्या कडेला टेकत होता. तिथे चकाकती रेघ उमटली होती. पत्रा थोडा मागे वाकवला, घसघस गेली.

दुसरी खडखड, खड्ड्यात यायची, ब्रेकवर नुसता पाय ठेवला की थांबायची. म्हणजे पॅड आपल्या जागेत हलत होते. पॅडच्या कानांखाली बसणाऱ्या पत्र्याच्या क्लिपा खोक्यातच राहिल्या होत्या. त्या बसवल्या, कॅलिपरच्या पिनांना ब्रेकचंच ग्रीस लावलं. ग्रीसचा थेंबही पॅडच्या तोंडाला किंवा डिस्कला लागू दिला नाही.

उरली कुईकुई, हलका ब्रेक मारताना. ती खरोखर नव्या मालाची होती. पॅडसोबतच्या कागदाप्रमाणे, मोकळ्या रस्त्यावर वेग कमी करत, मध्ये थंड होऊ देत पॅड बसवून घेतले. शेवटी अकलूजला गॅरेजमध्ये सगळे बोल्ट टॉर्क पान्यानं तपासून घेतले, मगच अम्मीला गाडीत बसवलं.

दोन गोष्टी सांगतो. करकर करत लोखंडावर लोखंड घासत असेल, पेडल खोल जात असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल, तर "दोन दिवस थांबू" म्हणू नका. गाडी तिथंच उभी करा. आणि ब्रेक मोठे केले म्हणून निम्म्या अंतरात थांबाल, हा भ्रम नको. मोठी डिस्क उष्णता जास्त सोसते, म्हणून पुनःपुन्हा दाबून ब्रेक लवकर ढिला पडत नाही. रस्ता शेवटी टायरच धरतो. ट्रॉलीमागे अंतर ठेवावंच लागतं.

उर्दूत रोग ओळखण्याला तशखीस म्हणतात, मराठीत निदान. मराठीतल्या निदानाला आणखी एक अर्थ आहे: किमान. आवाज आला की निदान एवढं तरी करावं, तो कुठून येतोय ते ऐकावं.