पाणी कुठलं घातलंस?

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझं कॉफी मशीन गळायला लागलं. आधी ओट्यावर थोडं पाणी दिसलं. मग आतून फिस्स असा बारीक आवाज. पाचेक मिनिटांनी मीटरजवळचा स्विच खटकन पडला आणि घरातले पंखे थांबले.

"रडतंय बघ तुझं मशीन," आई म्हणाली.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला. इथे कॉफी म्हणजे दुधात घातलेली दोन रुपयांची पुडी. अशा घरात एस्प्रेसो मशीन काय करतंय, हा प्रश्न गावात सगळ्यांनी विचारला होता. बाबांनी तेवढा विचारला नव्हता.

मी मुलुंडला एका कॅफेत बरिस्ता होते. तिथलं एक नेहमीचं गिऱ्हाईक परदेशी चाललं होतं, त्यांनी आपलं घरचं मशीन मला स्वस्तात दिलं. स्वस्त म्हणजे माझा दोन महिन्यांचा पगार. खोलीवर ते दोन वर्षं सुरळीत चाललं. मार्चमध्ये कॅफे बंद झाला. एप्रिलमध्ये खोली सोडली. मशीन चादरीत गुंडाळून लोकलच्या लगेज डब्यातून आसनगावला आणलं आणि घरी सांगितलं, "सुट्टीवर आलेय."

महिना उलटून गेला, तरी सुट्टी चालूच होती.

बाबा मुरबाड एमआयडीसीत २६ वर्षं बॉयलर अटेंडंट होते. त्यांचं सेकंड क्लासचं सर्टिफिकेट अजून बाहेरच्या खोलीत देवांच्या फोटोंच्या ओळीत टांगलेलं आहे. कंपनी बंद पडली तेव्हापासून ते फार बोलत नाहीत. सकाळी सहाला उठतात, दाढी करतात, आणि मग त्यांना जायला कुठे नसतं.

मी मशीनचं झाकण काढून, मोबाईलवर व्हिडिओ लावून बसले होते. व्हिडिओतला माणूस म्हणत होता, गॅस्केट बदला. बाबा मागे येऊन कधी उभे राहिले ते कळलं नाही.

"बॉयलर आहे का हा?"

"हो. वाफेचा. दीड लिटरचा."

"मग हा बॉयलर नाही," ते म्हणाले. "पंचवीस लिटरच्या आतल्या भांड्याला कायदा लागत नाही." आणि मग खाली बसले. "पण वाफेला कायदा माहीत नसतो. प्लग काढलास का?"

प्लग काढलेला होता. तरीही त्यांनी मला हात लावू दिला नाही. रात्रभर थंड होऊ दे, म्हणाले.

ज्यांनी असं मशीन आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझ्या मशीनमध्ये दोन बॉयलर आहेत. एकातलं ९३ अंशांच्या आसपासचं पाणी पंप ९ बार दाबाने कॉफीच्या पुडीतून ढकलतो. दुसरा फक्त वाफेचा, दूध फेसाळायला. त्यात दाब असतो सव्वा बारच्या आसपास, आणि पाणी १२० अंशांच्या वर. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरानं पेटंट घेतलेलं यंत्र तर मुळात एक उभा बॉयलरच होता. वाफ पाण्याला ढकलायची आणि कपात कॉफी पडायची. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तूपण बॉयलरवरच होतीस."

सकाळी त्यांनी चष्मा लावला, टॉर्च घेतला. त्यांनी आधी सेफ्टी व्हॉल्व्ह पाहिला. मग कुठे गळती. मला वाटलं होतं ओलं कुठे आहे ते शोधायचं. पण गरम बॉयलरवर थेंब टिकत नाही, उडून जातो. राहते ती पांढरी रेघ. बाबांनी बोटानं ती रेघ उलटी वर वर नेली, आणि बोट थांबलं ते हीटिंग एलिमेंट बसवलेल्या चकतीपाशी.

"इथून." त्यांनी नखानं पांढरं खरवडलं. "पाणी कुठलं घातलंस?"

"आपलंच. बोअरचं."

ते हसले. किती दिवसांनी, ते आठवत नाही.

सहा बोल्ट काढून एलिमेंट बाहेर आलं तेव्हा मला ते ओळखूच आलं नाही. तांब्याची नळी पांढऱ्या खडबडीत कवचात गुरफटलेली होती. हेच कवच गॅस्केटच्या खाली शिरलं होतं आणि त्यानं चकती एका बाजूनं उचलली होती. सगळं जेमतेम पाच आठवड्यांत.

आमच्याकडे याला जड पाणी म्हणतात. आईला हे माझ्याआधीपासून माहीत आहे. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. काळ्या कातळातून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. तापवलं की त्यातलं कॅल्शियम चुन्यासारखं भांड्याला धरतं. वाफेच्या बॉयलरमध्ये तर आणखी वाईट, कारण वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी. क्षार मागेच राहतात. वरून पुन्हा जड पाणी भरायचं, पुन्हा वाफ काढायची. दर कपामागे आतलं पाणी अधिक जड होत जातं.

"मग मुलुंडला दोन वर्षं काही झालं नाही ते कसं?" मी विचारलं.

"तिथं आपलं पाणी होतं ना."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. खरंच होतं. तानसा धरण शहापूर तालुक्यातलं, १८९२ चं. मोडकसागर तालुक्यातलंच. भातसाही इथलंच, आणि मुंबईचं जवळपास अर्धं पाणी त्या एकट्या धरणातून जातं. मुलुंडला माझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर तानसाची जाडजूड पाइपलाइन होती. मी तिच्याकडे बघत कामाला जायचे. धरणातलं पावसाचं मऊ पाणी मशीनला तिकडे मिळत होतं. मशीन घेऊन मी त्या पाण्याच्या गावी आले आणि इथे त्याला बोअरचं पाणी मिळालं. तालुक्यातल्या पाड्यांवर त्याच आठवड्यात टँकर फिरत होते.

बाबांनी यावर भाषण केलं नाही. एलिमेंट प्लास्टिकच्या टबात ठेवलं, कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड टाकलं. सोड्यासारखे बुडबुडे उठले. चकतीच्या बैठकीवरचा जुना गॅस्केट मी स्क्रूड्रायव्हरनं खरवडायला गेले, तर त्यांनी हात धरला. पितळेवर एक ओरखडा पडला तरी वाफ त्यातून वाट काढते. त्यांनी बांबूची कामटी तासून दिली.

टेफ्लॉनची शीट आणायला आम्ही मोटरसायकलवर मुरबाडला गेलो. सरळगाव ओलांडल्यावर बाबांनी मान न वळवता विचारलं,

"रजा किती दिवसांची आहे?"

वारा होता. ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं.

"रजा नाहीये. कॅफे बंद झाला."

बराच वेळ फक्त गाडीचा आवाज. मग ते म्हणाले, "मीपण पहिले दोन महिने आईला सांगितलं नव्हतं. डबा घेऊन निघायचो."

हे मला माहीत नव्हतं. बहुतेक आईला होतं.

घरी येऊन त्यांनी कंपासनं गॅस्केट आखला, मी कापला. बोल्ट एका बाजूनं कसत गेलं की चकती तिरकी बसते. एक कसला की त्याच्या समोरचा, थोडा थोडा, तीन फेऱ्यांत. बॉयलर तापला, काटा सव्वावर आला. आम्ही टॉर्च धरून वीस मिनिटं बसलो. एकही थेंब नाही.

पाण्याचा प्रश्न राहिला होता. मी वीस लिटरचा विकतचा जार आणला आणि त्याचंच पाणी भरलं, तर पंप थांबेचना. वाफेच्या नळीतून पाणी यायला लागलं. हे मात्र मी ओळखलं. बॉयलर भरला की नाही हे आतली एक सळई पाण्यातून वाहणाऱ्या बारीक विजेवरून ओळखते. जारच्या पाण्यात क्षारच इतके कमी की सळईला पाणी दिसत नव्हतं. बाबांना हे नवीन होतं. त्यांनी दोनदा समजून घेतलं.

आता आम्ही तीन भाग जारचं आणि एक भाग बोअरचं पाणी घालतो. बाटलीत साबणाचं पाणी हलवून, फेस बघून बाबांनी हे प्रमाण ठरवलंय. बोअर बंद करून जारच विकत घ्या, असं कुणीतरी सुचवलं. धरणांच्या तालुक्यात पाणी विकत घ्यायचं, यावर आई जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

कंपनीत पाळीत एकदा बॉयलरच्या तळाचं पाणी सोडायचे, ब्लोडाउन. इथे बाबा रोज सकाळी गरम पाण्याच्या नळातून दोन पेले काढतात आणि अंगणात ओततात. मशीनशेजारी शंभर पानी वही आहे. पहिल्या पानावर त्यांनी पट्टीनं रकाने आखलेत.

मी ठाण्याला दोन ठिकाणी अर्ज केलेत. हायवेलगत एक गाळाही बघून आलेय. अजून काही ठरलेलं नाही. आज सकाळी उठले तेव्हा बाबांची दाढी झालेली होती आणि वहीत नवीन ओळ होती.

वेळ ६:४०. दाब १.२. ब्लोडाउन केले. गळती नाही. कॉफी १, साखर जास्त.