गव्हावर ज्वारी

माझी लेक जन्मली तीच चकचकीत पापुद्र्यात. काही आठवड्यांत तो तडकून निघाला आणि खाली दिसली खवल्याखवल्यांची कातडी. इक्थिओसिस. तिला झालाय तो प्रकार आई-बाप दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तरच होतो. मी आत्याच्याच घरात दिलेली. आमच्या कळंबकडं त्यात नवल काही नाही.

तिला घाम नीट येत नाही. उन्हाळ्यात दुपारभर अंगावर ओला पंचा, अंघोळीनंतर ओलसर अंगावरच व्हॅसलीन. एवढं करूनही पोरगी वाढेना. हातपाय काटक्या, पोट नगाऱ्यासारखं, रक्त कमी. जो तो म्हणे, कातडीमुळंच. त्यात तथ्य होतंच. अशी कातडी सारखी बनते, सारखी गळते, खाल्लेलं त्यातच खर्ची पडतं. पण त्या एका नावाखाली सगळंच खपू लागलं.

सहाव्या वर्षी सोलापूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शी कशी होते हिला?" पातळ, घाण वासाची, दिवसातून कितीदा तरी. मग रक्ताची टीटीजी तपासणी, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा. निघाला सिलिअ‍ॅक. गहू, जव यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर उठतं.

आत्या म्हणाल्या, "मग भाकरी खाईल की! आपण कवा गव्हावर जगलो?"

खरंय, हा ज्वारीचाच मुलूख. पण घोडं अडलं गिरणीत. गव्हावर ज्वारी टाकली की पिठात गहू आलाच. गिरणीवाले काका म्हणायचे, "पहिलं पसाभर काढून टाकतो की, वहिनी." पसाभरानं भागत नाही. शेवटी घरघंटी घेतली; तिच्यात गहू पडत नाही. मग कळलं, डबीतल्या हिंगातसुद्धा बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. हिंग बंद. होळीला तिचं पुरण तांदळाच्या उकडीत भरते.

जुलाब थांबले, वजन धरलंय. कातडी मात्र आहे तशीच. गहू सोडल्यानं ती जाईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

जन्मजात आजाराचं लेकरू खाऊनही वाढत नसेल, तर सिलिअ‍ॅकची तपासणी स्वतःहून मागा. आणि ती होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच बंद केला, तर आजार असूनही तपासणीत सापडेलच असं नाही.