वरचं तळं राहिलं

बाबा आमच्याकडे डेन्व्हरला आले ते २०२३ च्या ऑगस्टमध्ये. बॅगेत आईने दिलेली भाजणी, पोह्यांचा चिवडा, आणि अर्धी बॅग अडवून बसलेले त्यांचे जुने ट्रेकचे बूट. "डोंगर दाखवणार आहेस ना?" हे विमानतळावरचं पहिलं वाक्य!

आता हे बाबा म्हणजे कोण? तर ज्यांनी मला सात वर्षांची असताना हरिश्चंद्रगडावर नेलं ते. माझे सगळे रविवार सह्याद्रीत गेले ते यांच्यामुळे. तेव्हा यावेळी दाखवायची पाळी माझी होती, आणि दाखवायचं तर साधंसुधं काय दाखवायचं? मी रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधला स्काय पॉन्डचा ट्रेक ठरवला. जाऊन-येऊन साधारण चौदा-पंधरा किलोमीटर, आणि वाटेत एकावर एक अशी तीन तळी. हिमनदी सरकताना डोंगरात पायऱ्या कोरत गेली, त्या पायऱ्यांवर पाणी साठलं, आणि एकाच ओढ्याने ती तळी एकमेकांना जोडली. पहाटे पाच ते सातच्या वेळेचं परमिटही काढलं. बाबांना येऊन तेव्हा चारच दिवस झाले होते.

ही चूक. पण ती तेव्हा कळली नाही. बाबा ६७ वर्षांचे असले तरी रोज पर्वती चढणारे. त्यांना काय होणार?

साडेसहाला चालायला सुरुवात केली. हवा गार, अल्बर्टा धबधब्याचा आवाज लांबूनच येत होता. मी गाइडच्या थाटात माहिती देत होते. "बाबा, कळसूबाई १६४६ मीटर ना? आमचं डेन्व्हर शहरच जवळजवळ तेवढ्या उंचीवर आहे. आणि स्काय पॉन्ड कळसूबाईच्या दुप्पट!" बाबा हसले. "म्हणजे तू कळसूबाईच्या डोक्यावर संसार करतेस."

पहिलं तळं, द लॉख. (लॉख म्हणजे स्कॉटलंडकडच्या बोलीत तळंच. म्हणजे तळ्याचं नाव तळं!) काठाला वाऱ्याने पिळवटलेले पाइन, समोर कड्यांवर पांढरे बर्फाचे पट्टे. बाबा बराच वेळ नुसते बघत बसले. मला वाटलं, हरखलेत.

त्यापुढे खरी परीक्षा. टिंबरलाइन धबधब्याच्या कडेने साधारण शंभर फुटांचा ओला खडक हातापायांनी चढायचा. माझे पाय लटपटत होते, पण बाबा सराईतासारखे चढले. वर पोचलो तर दुसरं तळं, लेक ऑफ ग्लास. नाव अगदी सार्थ. स्काय पॉन्ड तिथून जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. अकरा वाजत आले होते आणि पश्चिमेकडे ढग काळे व्हायला लागले होते. इथे उन्हाळ्यात दुपारी विजा हमखास कडाडतात, आणि झाडांच्या वर उघड्यावर सापडलो तर आडोसा नाही.

"तू जाऊन ये पटकन. मी बसतो इथे," बाबा म्हणाले.

आणि खरं सांगते, मी निघाले होते. चार पावलं टाकलीही. मग सहज मागे वळून बघितलं. चिवड्याचा डबा मांडीवर, झाकण लावलेलंच. गडावर पोचल्या पोचल्या ज्यांचा डबा सगळ्यांच्या आधी उघडायचा, ते बाबा डब्यावर हात ठेवून खाली मान घालून बसले होते.

"बाबा, डोकं दुखतंय?"

"छे गं."

"खरं सांगा."

"...लॉखपासून जरा ठणकतंय. मळमळतंही आहे."

मी जागच्या जागी थिजले. उंचीचा त्रास. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, आणि आम्ही तीन हजार तीनशेच्या आसपास. समुद्रकाठी श्वासात जेवढा प्राणवायू येतो त्याच्या दोन तृतीयांशच इथे. त्याचा पर्वती रोज चढण्याशी काही संबंध नाही. शरीराला सवयीचे दिवस द्यावे लागतात. ते मी दिले नव्हते. त्रास सुरू झाला की उपाय एकच, खाली उतरायचं.

उतरताना तोच ओला खडक. मी पुढे, बाबा खडकाकडे तोंड करून मागे. त्यांचा पाय चाचपडायला लागला की मी तो हाताने धरून खोबणीत टेकवत होते. "सोडा पाय, मी आहे खाली," असं म्हणाले आणि माझंच मला हसू आलं. लहानपणी प्रत्येक कातळावर खालून हेच वाक्य यायचं, फक्त आवाज त्यांचा असायचा.

लॉखच्या झाडीत शिरलो आणि मागे कड्यांवर गडगडायला लागलं. गारा पडल्या. अल्बर्टा धबधब्यापाशी बाबा थांबले, म्हणाले, "तो चिवडा काढ बरं." हुश्श!

गाडीत मी विचारलं, "लॉखपाशीच का नाही सांगितलंत?"

"तू एवढं परमिट काढलंस, तीन वाजता उठलीस. तुझा हिरमोड कशाला?"

आता मलाही सांगावं लागलं. लॉखपाशी माझेही गुडघे बोलायला लागले होते आणि तिथूनच परतायला मी आनंदाने तयार होते. पण बाबा इतक्या लांबून आलेत, त्यांना वरचं दाखवायलाच हवं, म्हणून रेटत राहिले. दोघंही एकमेकांसाठी चढत होतो, आणि त्यात मी त्यांना तिथे एकटं ठेवून निघाले होते. ती चार पावलं अजून आठवतात.

रात्री फोनवर बाबा आईला सांगत होते, "दोन तळी बघितली. वरचं राहिलं." डोकेदुखीचा अर्थातच उल्लेख नाही. मी फोन घेतला आणि सगळं सांगून टाकलं. मग आम्ही दोघांनीही बोलणी खाल्ली.

असो. जाताना बाबा बूट इथेच ठेवून गेलेत. पुढच्या वेळी आधी दोन रात्री एस्टेस पार्कला राहायचं आणि डोकं दुखलं तर दुखतंय म्हणायचं, असं ठरलंय. मी मात्र त्यांच्या बोलण्यावर विसंबणार नाही. डब्याकडे बघणार आहे.